बेडकाला गोरं कोण करतं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. बेडकापासून सुरू होते, मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाऊन येते आणि मग आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटावर येते. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा.

निमित्त असं झालं. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी ग्रुपवर मेसेज टाकला. कुठल्याशा विद्यापीठात म्हणे बेडकाच्या रंगावर पीएच.डी. चालते, पैसा करदात्यांचा, आणि इकडे रस्त्यांना खड्डे. खाली वीस-पंचवीस हसणारे चेहरे. मी बत्तीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवलंय. खड्ड्यांबद्दल त्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. बेडकाबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण हा विषय माझ्या घरातला आहे. कसा ते पुढे येईलच.

कोकणातल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर एक सडपातळ बेडूक चिकटलेला असतो. बोटांना गोल चकत्या, मोठाले डोळे, अंगावर पाणी पडलं की टुणकन तुमच्याच खांद्यावर. इंग्रजांनी त्याला ‘चुनाम’ म्हणजे चुन्याचा बेडूक असं नाव दिलं होतं. ते उगाच नाही. चुना मारलेल्या भिंतीवर तो इतका फिका पडतो की हात लागेपर्यंत दिसत नाही. तोच बेडूक परसात फणसाच्या खोडावर बसला की तपकिरी.

मी दर पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हा प्रकार दाखवायचो. चिरफाड नाही, इंजेक्शन नाही. दोन बादल्या, एकीला आतून पांढरा कागद, दुसरीला काळा, वर जाळी. सकाळी दोन्हींत एकेक बेडूक ठेवायचा, संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून बघायचे आणि मग बाहेर सोडून द्यायचे. पोरं विचारायची, ‘सर, ह्याला कळतं कसं?’ सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे.

बेडकाच्या कातडीत काळ्या रंगाच्या पेशी असतात, चांदणीसारख्या, फांद्या फुटलेल्या. आत रंगाचे बारीक कण. चिमूटभर काळी रांगोळी समजा. पाटाच्या मधोमध ढीग करून ठेवली तर पाट पांढराच दिसतो. तीच बोटांनी पसरली की पाट काळा. रांगोळी तेवढीच. बेडूक काळा-गोरा होतो तो असा. घडीभरात नवा रंग तयार होत नाही आणि जातही नाही, आहे तोच पसरतो किंवा गोळा होतो. महिनोन् महिने काळ्या जागेत राहिला तर रंगही जास्त बनतो, पण ती निराळी गोष्ट.

आता हे कण पसरायला कोण सांगतं? माशांच्या कातडीत रंगाच्या पेशींपर्यंत नसा गेलेल्या असतात. बेडकाचा रंग मुख्यतः हॉर्मोनवर चालतो, म्हणजे निरोप रक्तातून जातो. हॉर्मोनचं नाव एमएसएच, आणि ते निघतं मेंदूच्या खाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून, पियूषिकेतून (बेडकात वाटाण्यापेक्षाही कितीतरी लहान). १९१६ साली अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि बेनेट ॲलन या दोघांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, बेडकाच्या कोवळ्या भ्रूणातून ही ग्रंथी जिथून तयार होते तो भाग काढून टाकला. भ्रूण जगले, त्यांची पिल्लं झाली, पण चांदीसारखी फिकट. काळी होईचनात.

इथपर्यंत सरळ आहे. ग्रंथी आहे तर काळा, नाही तर गोरा. खरी गंमत पुढे आहे आणि ती मला नोकरीची पहिली दहा वर्षं स्वतःलाही नीट समजलेली नव्हती, कारण पुस्तकात दोनच ओळी होत्या.

विल्यम एटकिन नावाच्या शास्त्रज्ञानं पिल्लांची पियूषिका काढली आणि टाकून न देता शरीरातच दुसरीकडे रोवली, मेंदूपासून लांब. काय व्हायला हवं? मेंदूचा हुकूमच पोचत नाही म्हटल्यावर ग्रंथी गप्प बसेल, पिल्लू फिकं राहील, असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. पिल्लू काळंकुट्ट झालं आणि तसंच राहिलं. पांढऱ्या भांड्यात ठेवा नाहीतर काळ्या.

म्हणजे काय? तर त्या ग्रंथीतल्या पेशींना हॉर्मोन सोडायला कुणी सांगावं लागत नाही. त्या आपल्या आपण सोडत असतात. मेंदूचं मुख्य काम त्यांना धरून ठेवणं हे आहे. बैलाला कासरा असतो तसा. पांढऱ्या भिंतीवर बेडूक फिका दिसतो तेव्हा त्याच्या डोक्यात कुणीतरी कासरा ओढून धरलेला असतो. कासरा सैल सोडला की काळा.

हा कासरा कसला आहे, त्यावर पुढे नेदरलँड्समधल्या नायमेखन आणि फ्रान्समधल्या रूआँ इथल्या प्रयोगशाळांनी कित्येक वर्षं काम केलं. एरिक रूबोस, ब्रूस जेन्क्स, ह्यूबेर व्होद्री ही त्यातली मोठी नावं. आफ्रिकेतला नखवाला बेडूक, झेनोपस, हा नायमेखनवाल्यांचा प्राणी. त्यांना जे दिसलं ते थोडक्यात सांगतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर मेंदूत पेशींचा एक छोटा पुंजका आहे. डोळा वरून येणारा उजेड आणि खालून परत फिरणारा उजेड यांची तुलना करतो. खालून भरपूर उजेड आला म्हणजे जमीन पांढरी. मग या पुंजक्यातल्या पेशी कामाला लागतात. त्यांचे धागे थेट पियूषिकेच्या मधल्या भागापर्यंत जाऊन तिथल्या हॉर्मोनच्या पेशींना अक्षरशः चिकटलेले असतात. एकाच धाग्याच्या टोकातून तीन वेगवेगळी रसायनं निघतात: डोपामिन, गॅबा आणि न्यूरोपेप्टाइड वाय. तिन्ही म्हणतात, थांब. हॉर्मोनच्या पेशीत कॅल्शियमची पातळी एरवी आपोआप वर-खाली होत असते, लाटांसारखी, आणि त्या लाटांवर हॉर्मोन बाहेर पडतो. ही रसायनं पोचली की लाटा शांत होतात. बेडूक काळ्या जागी गेला की ओढ सुटते, मेंदूतून ‘चालू द्या’ म्हणणारे दुसरे निरोपही येतात, आणि काही दिवसांत त्या पेशी फुगून चांगल्या मोठ्या होतात, हॉर्मोनचा कच्चा माल कित्येक पटींनी जास्त बनवायला लागतात.

एका पेशीला थांबवायला तीन-तीन रसायनं कशाला, असा प्रश्न एका मुलीनं वर्गात विचारला होता. उत्तराचा एक भाग असा की काही ताबडतोब थांबवतात आणि काही लांबवर धरून ठेवतात. हाताचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक म्हणा.

‘बरं मग? बेडूक काळा झाला काय, गोरा झाला काय, आम्हाला काय?’ येतो तिकडेच.

हा डोपामिनचा कासरा फक्त बेडकाच्या डोक्यात नाही. तुमच्या-माझ्या पियूषिकेत अंगावरचं दूध आणणारं प्रोलॅक्टिन असंच सतत धरून ठेवलेलं असतं, आणि तेही डोपामिननंच. उलटीवरच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या डोपामिनला अडवतात, आणि त्यामुळे कधीकधी बाळंतपण नसतानाही बाईला दूध येतं. बाई घाबरून जाते. कासरा सुटला, एवढंच झालेलं असतं. म्हाताऱ्या घोड्यांमध्ये मेंदूकडून पियूषिकेच्या मधल्या भागाकडे जाणाऱ्या या डोपामिनच्या नसा झिजतात, मग तो भाग वाढतो, हॉर्मोन मोकाट सुटतात. घोड्याचे थंडीतले लांब केस उन्हाळा आला तरी गळत नाहीत. त्यावर औषध देतात ते डोपामिनचंच काम करणारं. बेडकात ही सगळी व्यवस्था कातडीवर उघड दिसते. माणसाच्या डोक्यात डोकावता येत नाही, बेडकाच्या पाठीकडे मात्र नुसतं बघितलं की आत काय चाललंय ते कळतं. म्हणून बेडूक.

आता दक्षिण आफ्रिका.

लॅन्सलॉट हॉगबेन नावाचा इंग्रज प्राणीशास्त्रज्ञ होता. ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ या पुस्तकामुळे आपल्याकडच्याही जुन्या गणितवाल्यांना तो ठाऊक असतो. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, समाजवादी, तोंडानं फटकळ. विषय मात्र बेडकांच्या कातडीचा रंग. १९२७ साली तो केपटाऊनला प्राध्यापक म्हणून गेला आणि तिथं त्याला झेनोपस भेटला. पियूषिका काढली की हा बेडूक कायमचा फिका पडतो हे त्यानं दाखवलं, डोळे आणि रंग यांचा संबंध डेव्हिड स्लोमबरोबर तपासला.

जरा काळ लक्षात घ्या. १९२६ साली त्या देशात खाणीतली कौशल्याची कामं गोऱ्यांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. लोक त्याला सरळ ‘कलर बार’ कायदाच म्हणायचे. १९२७ साली गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या लग्नाबाहेरच्या शरीरसंबंधांवर बंदी आली. आणि त्याच गावात हा माणूस पांढऱ्या आणि काळ्या भांड्यांत बेडूक ठेवून बघतोय की कातडीचा रंग ही किती वरवरची, किती फिरती गोष्ट आहे. मला हे चित्र फार आवडतं. कादंबरीत घातलं तर लोक म्हणतील, जरा जास्तच जुळवून आणलंय.

त्याला ते वातावरण सोसलं नाही. १९३० मध्ये तो लंडनला परत गेला, जाण्याच्या कारणांत तिथलं वर्णद्वेषाचं राजकारण हे एक मोठं. लंडनमध्ये त्यानं वंशश्रेष्ठत्वाला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांना गणितानं झोडपलं.

पण जाण्याआधी एक गोष्ट त्याच्या नजरेत आली होती. पियूषिका काढलेल्या माद्यांचा रंग तर जातोच, शिवाय त्यांची अंडाशयंही आक्रसतात. मग उलट करून बघूया म्हणून बैलाच्या पियूषिकेचा अर्क मादीला टोचला, तर तिनं अंडी घातली. त्यावरून पुढे केपटाऊनमध्ये शापिरो आणि झ्वारनस्टाइन यांनी १९३३-३४ मध्ये गरोदरपणाची चाचणी बसवली. बाईची लघवी झेनोपसच्या मादीला टोचायची. बाई गरोदर असेल तर अर्ध्या दिवसाच्या आत बेडकी अंडी घालते. (श्रेय कुणाचं यावर नंतर भरपूर भांडणं झाली, तो शास्त्रज्ञांचा कुळाचार आहे.) त्याआधी उंदीर किंवा सशाला टोचून, मग त्यांना मारून पोट उघडून बघावं लागायचं. बेडकी मरत नव्हती, काही आठवडे विश्रांती देऊन परत वापरता यायची. साठच्या दशकापर्यंत जगभरच्या दवाखान्यांत हे बेडूक पाळलेले होते. प्रयोगशाळांत ते आयते मिळत होते, म्हणूनच जॉन गर्डननं क्लोनिंगचे प्रयोग त्यांच्यावर केले आणि २०१२ साली नोबेल घेतलं. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना मी हे एवढंच लिहिलं होतं. त्यांनी अंगठा दाखवला.

सगळंच गोड नाही. जगभर नेलेले हे बेडूक सुटले आणि काही देशांत रानात माजले. बेडकांच्या कातडीला लागणारी, कित्येक जाती संपवणारी बुरशी यांनीच पसरवली असा बरीच वर्षं संशय होता. २०१८ साली त्या बुरशीच्या जनुकांवरून तिचं मूळ पूर्व आशियात असल्याचं पुढे आलं. पण प्राण्यांच्या बेफाम व्यापारातून ती फैलावली हे कुणी नाकारत नाही. आपल्या सह्याद्रीतही ती सापडलीय.

आता घरातली गोष्ट.

माझी मोठी बहीण, ताई. सतरा वर्षांची असताना तिच्या हाताच्या बोटांवर पांढरे ठिपके आले. मग ओठांच्या कडेला, मग पायावर. कोड. त्या काळी आमच्याकडे हा शब्द मोठ्यानं उच्चारत नसत. शास्त्री-पंडितांनी त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून ठेवलेलं, त्यामुळे शिकलेलासुद्धा दचकून मागे सरकायचा. कुष्ठरोगाशी याचा काडीचा संबंध नाही. लागत नाही, दुखत नाही, जिवाला धोका नाही. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी आपल्याच शरीराचे पहारेकरी चुकून शत्रू समजून मारतात. एवढंच. पण ‘कुष्ठ’ हा शब्द एकदा चिकटला की पुसत नाही.

बाबा तिला घेऊन कुठे कुठे फिरले. एकानं बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं. बावचीत खरंच काहीतरी असतं, त्याच जातीची द्रव्यं पुढे डॉक्टरांनी मोजून-मापून, ठरावीक किरणांखाली वापरली. पण वैशाखातल्या उन्हात, अंदाजपंचे, घरच्या अंगणात? ताईच्या हाताला पेरूएवढाले फोड आले. त्याचे व्रण अजून आहेत. पांढऱ्या डागांपेक्षा तेच जास्त दिसतात.

आणि आईनं ठरवून टाकलं होतं की दोष तिचाच. एका रविवारी सुरमईचं कालवण होतं आणि संध्याकाळी शेजारच्यांनी वाढदिवसाची खीर दिली. मासे आणि दूध एकाच दिवशी पोटात गेलं, म्हणून पोरीला कोड आलं. तुम्हीही हे ऐकलं असेल. महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतं.

ताईनं डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, म्हणजे तिला पडू दिलं गेलं नाही. सदतीस वर्षं तिनं पहिली-दुसरीच्या पोरांना पाढे शिकवले. लहान मुलं सरळ विचारायची, ‘बाई, तुमचे हात असे का?’ ती म्हणायची, ‘रंगवायचे राहिलेत. तू रंगव बघू.’

एकदा जुलैत ती काही कामासाठी माझ्या कॉलेजात आली. प्रयोगशाळेत दोन बादल्या ठेवलेल्या होत्या. बराच वेळ वाकून बघत राहिली. मी तिला ते कासऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली,

‘म्हणजे ह्याला कुणीतरी आतून धरून ठेवलंय म्हणून हा गोरा?’

‘हो.’

‘मग मला कुणी धरून ठेवलंय रे?’

मी म्हटलं, ‘ताई, तुझ्यात हे नाही. माणसात मेंदूकडून कातडीचा रंग असा ठरत नाही. आपल्या पियूषिकेचा तो मधला भाग जवळजवळ नाहीसाच झालाय. तुझ्या कातडीतल्या रंगाच्या पेशीच मेल्यात, जिथे डाग आहेत तिथे. हॉर्मोन कितीही आला तरी ऐकायला कुणी नाही.’

‘आणि मासे-दूध?’

‘त्याचा काही संबंध नाही.’

‘अजिबात?’

‘अजिबात नाही.’

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, ‘आईला सांगायला हवं होतं कुणीतरी. त्या एका जेवणासाठी ती जन्मभर स्वतःला बोल लावत राहिली.’ आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

माझ्या मते संशोधनाला पैसे कशाला या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. गोळी किंवा यंत्र मिळेल तेव्हा मिळेल. पण ‘हे कशामुळे होतं’ याचं खरं उत्तर नसलं की त्या जागी कुणाच्या तरी आईला उभं केलं जातं.

औषधांचंही सांगतो. ॲरन लर्नर हे येल विद्यापीठातले त्वचेचे डॉक्टर. कोडावर काही सापडावं म्हणून ते या रंगाच्या हॉर्मोनांच्या मागे लागले. बेडकाची कातडी काळी करणारा एमएसएच त्यांच्या प्रयोगशाळेनं डुकरांच्या पियूषिकांतून शुद्ध केला. बेडकाची पिल्लं अंधारात फिकी पडतात ती मेंदूच्या वरच्या एका दुसऱ्याच ग्रंथीमुळे. त्या ग्रंथीतलं द्रव्य त्यांनी कत्तलखान्यांतून हजारो गायीगुरांच्या ग्रंथी गोळा करून १९५८ साली वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं मेलाटोनिन. होय, तेच, जे आज झोपेच्या गोळ्या म्हणून मिळतं. नावातला ‘मेला’ हा मेलॅनिनचा, काळ्या रंगाचा. माणसाची कातडी काही त्यानं बदलली नाही, लोकांना झोप मात्र यायला लागली.

आणि एमएसएचची सुधारलेली नक्कल ॲरिझोनात तयार झाली, तिची ताकदही बेडकाच्या आणि सरड्याच्या कातडीवरच मोजली. सूर्यप्रकाशात गेलं की आगीत हात घातल्यासारखी वेदना होणारा एक दुर्मिळ आजार आहे. त्या रुग्णांसाठी हे औषध युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. कोडात जिथे पेशी शिल्लक आहेत तिथे प्रकाशोपचारांबरोबर त्याचा उपयोग होतो का हेही तपासलं गेलंय. दरम्यान याच घराण्यातलं एक इंजेक्शन तिकडे गोरी पोरंपोरी चोरून टोचून घेतात, सावळं दिसायला. आणि इकडे आपण सावळ्या पोरींना गोरं करायला, ज्या कामासाठी मंजुरीच नाही अशी ग्लुटाथायोनची सलाईन लावतो. दोन्हीकडची बिलं एकत्र मांडली तर किती खड्डे बुजतील, तो हिशोब त्या गृहस्थांनी करावा.

गोरं करण्याच्या क्रीमांत लपवलेलं स्टेरॉइड आणि पारा ही थट्टेची बाब नाही. केरळात मलप्पुरमला २०२३ साली पाऱ्याच्या क्रीमांमुळे मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले. २०१८ साली सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मागून बघा, मिळतात का.

ताई आता बहात्तर वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचं जमत आलं. बायोडेटात रंगाचा रकाना होताच. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. मी इतके बायोडेटे पाहिलेत, ‘काळा’ असं लिहिलेला एकही नाही. सगळा महाराष्ट्र गव्हाळ आहे. मध्यस्थामार्फत मुलाकडून विचारणा आली: आत्याबाईंना ‘ते’ आहे असं कळलं, घराण्यात अजून कुणाला आहे का? आणि साखरपुड्याच्या फोटोत त्या मागे उभ्या राहिल्या तर बरं.

भाऊ गप्प झाला. वहिनी रडायला लागली. पुतणीनं फोन स्पीकरवर टाकला आणि मला विचारलं, ‘काका, खरं सांगा. मला होऊ शकतं का?’

मी खरं सांगितलं. जगात साधारण शंभरात एकाला कोड असतं. घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण अशा घरांतल्या बहुतेकांना ते कधीच होत नाही. आणि घरात कुणालाच नसतानाही ते येतं. आपल्या ताईला आलं तसंच.

तिनं हे सगळं मुलाला स्वतः सांगितलं आणि वर म्हणाली, आत्या माझ्या शेजारी बसेल, मागे नाही. मुलगा त्या रविवारी एकटाच ताईकडे गेला. दोन तास बसला. ताईनं त्याला सुरमई वाढली आणि वर खीर. मुद्दाम. त्यानं दोन्ही खाल्लं. बोलणी अजून चालू आहेत, त्याच्या आईचं मन वळायचंय.

एक काम तुमच्यासाठी. रेल्वेलाइनच्या बाजूला, एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘पांढऱ्या डागांवर शर्तिया इलाज’ असं रंगवलेलं असतं, खाली मोबाइल नंबर. ही नुसती फसवणूक नाही, गुन्हा आहे. १९५४ च्या जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ज्या आजारांची यादी आहे, त्यात कोड आहे. २०२० साली त्या कायद्याच्या नव्या मसुद्यात त्वचा गोरी करण्याच्या जाहिरातीही घातल्या होत्या, चार दिवस बातम्या झाल्या. पण कोडासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरजच नाही, जुना पुरेसा आहे. भिंतीचा फोटो काढा, ठिकाण आणि तारीख लिहा, आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. आमच्या स्टँडजवळच्या भिंतीची मी मार्चमध्ये दिली. मे महिन्यात कुणीतरी येऊन भिंतीवर चुना मारून गेलं. नंबरचे शेवटचे चार आकडे अजून दिसतात, त्यासाठी दुसरा अर्ज तयार आहे.